पायथन पॅकेज इन्स्टॉल होत नाही, किंवा झाले तरी चालत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा वापरणारा वर्ग आता केवळ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी, राजारामपुरीत क्लासला येणारी मुले, उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसीत कॅमेऱ्यावरून जॉब (तयार होणारे सुटे भाग) मोजण्याची सोय करू पाहणारे तरुण, असे सगळेच त्यात आहेत. त्यांचे काम वेगवेगळे असले तरी अडण्याची जागा बहुधा एकच असते. कोड बरोबर असतो, पण पॅकेज, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, बसत नाही, किंवा बसलेले पॅकेज दुसऱ्या पॅकेजशी जमत नाही. अशा वेळी सापडेल ती आज्ञा चालवून पाहण्याआधी आपण कोणत्या पायथनमध्ये काय बसवत आहोत, हे पाहण्याची सवय लावली तर पुढील निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत, असे आमचे मत आहे.

या पानावर आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लिपीतील लघु अक्षरांतच द्यावीत.

प्रश्न : पॅकेज यशस्वीरीत्या इन्स्टॉल झाल्याचा संदेश आला, तरी प्रोग्रॅम चालवल्यावर 'मॉड्यूल नॉट फाउंड' अशी त्रुटी का येते?

बहुतेक वेळा याचे कारण असे असते की, आपल्या संगणकावर एकाहून अधिक पायथन आहेत आणि पॅकेज एकात बसले, तर प्रोग्रॅम दुसऱ्यात चालला. शिवाजी पेठेत एकाच आडनावाची दोन घरे असावीत आणि पार्सल शेजारच्या घरी पडावे, तसाच हा प्रकार आहे. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेले एक, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून नकळत आलेले दुसरे आणि कॉलेजच्या प्रात्यक्षिकासाठी टाकलेल्या ॲनाकोंडा या तयार संचाबरोबरचे तिसरे, अशी तीन पायथन एकाच लॅपटॉपवर नांदत असलेली सर्रास दिसतात.

खातरजमा दोन बाजूंनी करावी. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) पॅकेजे बसवणाऱ्या 'पिप' या साधनाला 'पिप --व्हर्जन' ही आज्ञा दिली की पिपच्या आवृत्तीबरोबर तो कोणत्या फोल्डरमध्ये आहे आणि कोणत्या पायथनशी जोडलेला आहे, हे त्याच ओळीत छापून येते. नंतर जो प्रोग्रॅम अडतो आहे, त्याच्या अगदी सुरुवातीला 'सिस' मॉड्यूल आयात (इम्पोर्ट) करून 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' छापावे. दोन्ही ठिकाणी दिसणारे मार्ग वेगळे असतील, तर दोष पॅकेजचा नाही. यावर कायमचा उपाय म्हणजे नुसते 'पिप इन्स्टॉल' न लिहिता 'पायथन -एम पिप इन्स्टॉल पांडाज' असे लिहिणे (पांडाज हे तक्त्यांतील माहिती हाताळणारे पॅकेज). त्यामुळे 'पायथन' म्हटल्यावर जे पायथन सुरू होते, त्याच्याच पिपकडून काम होते. व्हीएस कोड हा संपादक वापरत असल्यास खालच्या पट्टीत उजवीकडे दिसणारा इंटरप्रिटरही (कोड चालवणारे पायथन) तोच आहे ना, हे पाहावे. विंडोजवर 'पीवाय --लिस्ट' ही आज्ञा दिल्यास पायथन सुरू करून देणाऱ्या लाँचरला माहीत असलेल्या पायथनांची यादी मिळते, आणि ती पाहून अनेकांना आश्चर्य वाटते.

प्रश्न : 'सीव्ही२' नावाचे पॅकेज पिपला सापडत नाही. ते बंद झाले आहे का?

नाही. इन्स्टॉल करण्याचे नाव आणि आयात करण्याचे नाव एकच असावे, असा नियम पायथनमध्ये नाही. 'सीव्ही२' हवे असेल तर 'ओपनसीव्ही-पायथन' इन्स्टॉल करावे लागते, 'पीआयएल' साठी (आयात करताना हे नाव मात्र मोठ्या अक्षरांत लिहावे) 'पिलो', 'एसकेलर्न' साठी 'सायकिट-लर्न', 'वायएएमएल' साठी 'पायवायएएमएल' आणि 'बीएस४' साठी 'ब्यूटिफुलसूप४'.

येथे अंदाजाने नाव टाइप करणे धोक्याचे आहे. पायपीआय या सार्वजनिक भांडारात कोणीही पॅकेज चढवू शकतो आणि प्रसिद्ध नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर इकडे तिकडे करून घातक पॅकेज ठेवण्याचे प्रकार तेथे वारंवार उघडकीस आले आहेत. म्हणून नाव त्या पॅकेजच्या अधिकृत माहितीपानावरूनच घ्यावे.

ओपनसीव्ही या चित्रे हाताळणाऱ्या पॅकेजबाबत आणखी एक सूचना. 'ओपनसीव्ही-पायथन', 'ओपनसीव्ही-काँट्रिब-पायथन' आणि त्यांची 'हेडलेस' (खिडकी न दाखवणारी) रूपे ही सर्व पॅकेजे 'सीव्ही२' याच नावाने एकाच फोल्डरमध्ये फाइली टाकतात. त्यांतील दोन एकाच वेळी बसवल्यास पिप तक्रार करत नाही, पण खिडकी उघडण्याची आज्ञा अचानक बंद पडते किंवा एखादे फंक्शन नाहीसे होते. अशा वेळी सर्व काढून टाकून त्यांतील एकच पुन्हा बसवावे.

प्रश्न : काल चालणारे 'रँडम' मॉड्यूल आज चालत नाही. असे का?

आपण स्वतःच्या फाइलला 'रँडम डॉट पीवाय' असे नाव दिले आहे का, ते आधी पाहावे. पायथन चालू फाइलच्या फोल्डरमध्ये प्रथम शोधतो, त्यामुळे मूळ मॉड्यूल झाकले जाते. फाइलचे नाव बदलावे.

प्रश्न : प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांचा स्वतंत्र कप्पा) खरोखर आवश्यक आहे का? त्यात जागा वाया जाते.

आवश्यक आहे, आणि जागेचा हिशोब येथे करू नये. एका पायथनमध्ये एका पॅकेजची एकच आवृत्ती राहू शकते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरील रोजच्या पाणीपातळीचा आलेख काढणारा, त्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी दाखवणारा एक प्रकल्प आपण नव्या पांडाजवर लिहिला आहे, आणि दुसरा प्रकल्प वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून मिळालेला असून जुन्या पांडाजवर बेतलेला आहे, असे समजू. दोन्ही एकाच पायथनवर ठेवल्यास एक दुरुस्त करताना दुसरा मोडणार, हे ठरलेले आहे.

असे वातावरण तयार करणारे व्हेन्व हे साधन (त्या वातावरणालाही व्हेन्वच म्हणतात) पायथन ३.३ पासून मूळ पायथनबरोबरच येते. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन 'पायथन -एम व्हेन्व' आणि त्यापुढे वातावरणाचे नाव दिले की काम झाले. उबंटू या लिनक्स प्रणालीवर मात्र त्यासाठी 'पायथन३-व्हेन्व' हे पॅकेज ॲप्ट या तिच्या साधनाने वेगळे घ्यावे लागते. नंतर ते सक्रिय करताना विंडोजच्या पॉवरशेल या टर्मिनलमध्ये 'या संगणकावर स्क्रिप्ट चालवण्यास मनाई आहे' अशा अर्थाचा लाल संदेश आला, तर व्हेन्व बिघडलेले नसते. पॉवरशेलचे सुरक्षा धोरण आडवे आलेले असते. चालू वापरकर्त्यापुरते ते धोरण 'रिमोट साइन्ड' असे बदलावे, किंवा सरळ जुना कमांड प्रॉम्प्ट उघडून तेथून सक्रिय करावे.

प्रश्न : मित्राचा प्रकल्प व्हेन्वसह पेनड्राइव्हवर आणला. माझ्या लॅपटॉपवर तो का चालत नाही?

कारण व्हेन्वच्या आतील फाइलींमध्ये मूळ संगणकावरील पायथनचा आणि त्या फोल्डरचा पूर्ण मार्ग कोरलेला असतो. व्हेन्व ही हलवण्याची वस्तू नाही. आपल्याच संगणकावर फोल्डरचे नाव बदलले तरी ते बिघडू शकते. मित्राकडून कोड आणि 'रिक्वायरमेंट्स' फाइल (लागणाऱ्या पॅकेजांची यादी) तेवढी घ्यावी आणि व्हेन्व आपल्याकडे नव्याने तयार करावे.

प्रश्न : उबंटूवर 'एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा नकार येतो. सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणे) वापरावे का?

वापरू नये. लिनक्समधील अनेक साधने त्या प्रणालीच्याच पायथनवर चालतात. पिपने त्यात ढवळाढवळ केली की ती साधनेच बंद पडतात, म्हणून डेबियन १२ आणि उबंटू २३.०४ पासून हा अडसर मुद्दाम घालण्यात आला. 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' हा पर्याय जोडला की अडसर दूर होतो, असे सांगणारे अनेक भेटतात, पण त्या पर्यायाच्या नावातच परिणाम लिहिलेला आहे. व्हेन्व तयार करून त्यात काम करावे. संपूर्ण आज्ञावली म्हणून वापरायचे एखादे साधन हवे असल्यास 'पिपएक्स' वापरावे.

प्रश्न : इन्स्टॉल झाल्यावर शेवटी लाल अक्षरांत 'डिपेंडन्सी कॉन्फ्लिक्ट' असे येते. ते कसे वाचावे? दुर्लक्ष केले तर चालते का?

पॅकेजांच्या अटी एकमेकांशी जुळत नसल्याचा हा संदेश घाबरवणारा दिसत असला तरी त्यात लपवाछपवी काही नसते. त्यातील शेवटची ओळ साधारण अशा अर्थाची असते : 'टेन्सरफ्लो २.१७.० ला नमपाय २.०.० हून लहान हवे, पण आपल्याकडे नमपाय २.०.१ आहे, जे विसंगत आहे.' (टेन्सरफ्लो हे मशीन लर्निंगचे, तर नमपाय हे आकडेमोडीचे पॅकेज आहे.) या एका ओळीत तक्रार करणारे पॅकेज, त्याची अट आणि प्रत्यक्ष स्थिती ही तिन्ही येतात. मग मार्ग दोनच उरतात. एक तर नमपाय २ च्या खाली आणावे, नाही तर नमपाय २ चालवून घेणारे टेन्सरफ्लो, म्हणजे २.१८ किंवा त्यापुढचे, घ्यावे. कोणता मार्ग घ्यायचा हे आपल्या कोडला कशाची गरज आहे त्यावर ठरते, आणि तो निर्णय पिप आपल्यासाठी घेऊ शकत नाही.

हा वाद मुळात होतो कसा, हेही समजून घेण्यासारखे आहे. पिपच्या २०.३ या आवृत्तीत, म्हणजे २०२० च्या अखेरीस, अटी जुळवण्याची नवी पद्धत आली. त्यापूर्वीचा पिप पहिली भेटेल ती अट मानून पुढे जात असे आणि नंतरच्या अटीकडे काणाडोळा करत असे. आताचा पिप एकाच आज्ञेत मागितलेल्या सर्व पॅकेजांच्या अटी एकत्र जुळवतो, आणि जुळणी अशक्य असेल तर 'रिझोल्यूशन इम्पॉसिबल' म्हणून थांबतो. मात्र आधीच बसलेल्या सर्व पॅकेजांचा विचार तो करत नाही. तसे तो स्वतः त्या लाल संदेशात नमूदही करतो. त्यामुळे सोमवारी टेन्सरफ्लो, बुधवारी आणखी काही आणि शुक्रवारी नमपायची सुधारणा, असे तुकड्यातुकड्यांनी बसवत गेले की वाद ओढवतो. सर्व पॅकेजे एका फाइलमध्ये लिहून एकाच आज्ञेने बसवली, तर बहुतेक वाद पिपच सोडवतो. सद्यःस्थिती तपासण्यासाठी 'पिप चेक' ही छोटी आज्ञा आहे, ती फारच कमी जण वापरतात.

दुर्लक्ष करून चालते का, याचे उत्तर म्हणजे कधी कधी चालते, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. प्रोग्रॅम सुरू होतो, पण ज्या फंक्शनमध्ये बदल झाला आहे, तेथे पोहोचल्यावर पडतो. ती वेळ प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेची असू शकते.

प्रश्न : 'पिप चेक' सर्व ठीक सांगते, तरी पांडाज आयात करतानाच 'नमपाय डीटाइप साइज चेंज्ड' अशी विचित्र त्रुटी येते.

पिपचे ज्ञान पॅकेजकर्त्याने लिहून ठेवलेल्या अटींपुरतेच असते. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आले आणि त्यात सी भाषेच्या पातळीवरील आतली रचना बदलली. त्यापूर्वीच्या पांडाजच्या अनेक आवृत्त्यांवर 'नमपाय २ च्या खालीच' अशी अट लिहिलेली नव्हती, कारण त्या वेळी नमपाय २ अस्तित्वातच नव्हते. पिपला जुने पांडाज आणि नवे नमपाय ही जोडी वैध वाटते, पण प्रत्यक्षात जुन्या रचनेवर संकलित झालेले पांडाज नव्या नमपायशी बोलू शकत नाही. पांडाज २.२.२ पासून पुढे नमपाय २ चालते. त्यामुळे पांडाज वर न्यावे किंवा नमपाय खाली आणावे. नोटबुकमध्ये काम करत असल्यास त्यानंतर कर्नेल (नोटबुकमागे चालणारे पायथन) पुन्हा सुरू करणे अनिवार्य आहे, कारण एकदा स्मृतीत आलेले जुने नमपाय तसेच राहते.

प्रश्न : आवृत्तीच्या अटीची चिन्हे कशी लिहावीत?

दोन बरोबरचिन्हे म्हणजे नेमकी तीच आवृत्ती. तरंगचिन्ह आणि बरोबरचिन्ह मिळून '~=१.४.२' असे लिहिल्यास १.४.२ किंवा त्यापुढची, पण १.४ या मालिकेतीलच आवृत्ती घेतली जाते. आवृत्त्या दशांश अपूर्णांक नसतात, त्यामुळे १.१० ही १.९ पेक्षा नवी असते. ही बाब ठाऊक असूनही पुष्कळांची चूक होते.

'पेक्षा मोठे' किंवा 'पेक्षा लहान' ही चिन्हे टर्मिनलवर वापरताना संपूर्ण मजकूर अवतरणचिन्हांत घालावा. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये अवतरणाशिवाय 'नमपाय>=१.२०' असे दिल्यास टर्मिनल ते चिन्ह 'फाइलमध्ये लिही' या अर्थाने घेते. मग नमपायची कोणतीही आवृत्ती बसते आणि फोल्डरमध्ये '=१.२०' नावाची एक अनाकलनीय फाइल तयार होते. अशी फाइल आपल्या फोल्डरमध्ये दिसली, तर तिचा उगम हाच आहे.

प्रश्न : 'नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड' म्हणजे पॅकेज अस्तित्वातच नाही का?

नावात चूक नसेल, तर बहुधा आपल्या पायथनसाठी ते उपलब्ध नाही, असा त्याचा अर्थ असतो. नवी पायथन आली की ती लगेच उतरवून घेण्याचा उत्साह येथे नडतो. पायथन ३.१२ ऑक्टोबर २०२३ मध्ये आले, पण त्यावर चालणारे टेन्सरफ्लो २.१६ मार्च २०२४ मध्ये मिळाले. मधल्या काळात ज्यांनी ३.१२ घेतले, त्यांना हाच संदेश दिसत राहिला. प्रकल्पासाठी सर्वांत नवी पायथन न घेता तिच्या एक-दोन पायऱ्या मागची घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे. जुन्या संगणकावर ३२ बिटची पायथन असेल, तरीही हीच अडचण येते.

प्रश्न : विंडोजवर 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० आवश्यक' असे येते. एवढे मोठे सॉफ्टवेअर उतरवावे लागेल का?

लगेच उतरवू नये. पॅकेज दोन रूपांत येते, आधीच संकलित केलेले 'व्हील' आणि कच्चा स्रोत. आपल्या पायथनला जुळणारे व्हील न मिळाल्यास पिप कच्चा स्रोत आणून तो येथेच संकलित करू पाहतो आणि त्यासाठी कंपायलर मागतो. म्हणजे बहुतांश वेळा दोष कंपायलर नसण्याचा नसून व्हील न जुळण्याचा असतो. 'ओन्ली बायनरी' हा पर्याय देऊन पाहिल्यास पिप फक्त व्हीलच शोधतो आणि खरे कारण स्पष्ट होते. काही पॅकेजांना पर्यायी संकलित रूप असते. उदाहरणार्थ, पोस्टग्रेस या डेटाबेससाठीच्या 'सायकोपीजी२' ऐवजी शिकताना 'सायकोपीजी२-बायनरी' पुरते.

प्रश्न : वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांचा जुना प्रकल्प मिळाला. त्याची रिक्वायरमेंट्स फाइल चालवली की 'इम्पइम्पोर्टर' किंवा 'डिस्टयुटिल्स' नाही, असे येते.

हा जून-जुलैत नव्या वर्षाचे प्रकल्प वाटले गेले की हमखास येणारा प्रश्न आहे. फाइलमध्ये नमपाय १.२३.५ असे ठाम लिहिलेले असते आणि संगणकावर पायथन ३.१२ असते. नमपायला ३.१२ चा आधार १.२६ पासून आहे, त्यामुळे १.२३.५ चे व्हील मिळत नाही, पिप कच्च्या स्रोताकडे वळतो, आणि तो स्रोत संकलित करणारी जुनी साधने ३.१२ मधून काढून टाकलेल्या भागांवर अवलंबून असतात. 'डिस्टयुटिल्स' हे त्यांपैकी एक. 'सेटअपटूल्स' बसवल्याने काही प्रकल्पांत ते पुन्हा उपलब्ध होते. परंतु प्रकल्प समजून घेण्याआधी तो एकदा जसाच्या तसा चाललेला पाहणे महत्त्वाचे असल्याने, आमचा सल्ला असा की, पायथन ३.१० किंवा ३.११ शेजारी बसवून 'पीवाय -३.१० -एम व्हेन्व' या पद्धतीने त्या पायथनचे व्हेन्व तयार करावे. सुधारणा नंतर कराव्यात.

प्रश्न : कारखान्यातील संगणकाला इंटरनेट नाही आणि त्यावर विंडोज ७ आहे. पॅकेजे कशी बसवावीत?

शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींकडून येणाऱ्या प्रश्नांत हा नेहमीचा आहे. यंत्राला जोडलेला संगणक बदलायचा तर यंत्रपुरवठादाराला बोलवावे लागते, म्हणून मालक त्याला हात लावू देत नाहीत, आणि त्यांचे चूकही नसते.

विंडोज ७ वर चालणारी शेवटची पायथन ३.८ आहे. तिचा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. त्यामुळे असा संगणक नेटवर्कपासून दूर असणेच बरे. ३.८ साठी नमपाय १.२४ आणि पांडाज २.० या शेवटच्या मालिका आहेत. घरच्या किंवा कार्यालयातील संगणकावर शक्यतो तीच पायथन, तेवढ्याच बिटची, बसवून 'पिप डाउनलोड' या आज्ञेने सर्व व्हील एका फोल्डरमध्ये उतरवावीत. अवलंबून असलेली पॅकेजेही त्याबरोबर येतात. तो फोल्डर पेनड्राइव्हवरून नेऊन कारखान्यात 'नो इंडेक्स' आणि 'फाइंड लिंक्स' हे दोन पर्याय देऊन इन्स्टॉल करावे. पहिला पर्याय पिपला इंटरनेटकडे जाऊ देत नाही, दुसरा फोल्डरचा पत्ता सांगतो. निघण्यापूर्वी वाय-फाय बंद करून हीच आज्ञा कार्यालयात एका रिकाम्या व्हेन्वमध्ये चालवून पाहावी, म्हणजे एका राहून गेलेल्या व्हीलसाठी हायवेवरून परत फिरावे लागत नाही.

प्रश्न : मोठे पॅकेज उतरताना मध्येच 'रीड टाइम्ड आउट' होते.

पिप मूळ सेटिंगनुसार प्रतिसादासाठी १५ सेकंद थांबतो. 'टाइमआउट' पर्यायाने ती मुदत १०० सेकंदांपर्यंत वाढवावी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुरक्षा प्रमाणपत्राची (सर्टिफिकेट) त्रुटी येत असल्यास मधला प्रॉक्सी (इंटरनेटची वाहतूक पुढे नेणारा संगणक) कारणीभूत असतो. तेथील प्रशासकाकडून प्रॉक्सीचा पत्ता घ्यावा.

प्रश्न : कोंडा (ॲनाकोंडाचे पॅकेजे बसवण्याचे साधन) आणि पिप एकत्र वापरावेत का? यूव्हीबद्दलही ऐकले आहे.

एकाच वातावरणात दोन्ही वापरणे भागच असेल, तर आधी कोंडाची सर्व पॅकेजे बसवावीत आणि पिपची शेवटी, कारण पिपने केलेल्या बदलांचा पूर्ण हिशोब कोंडा ठेवत नाही. यूव्ही हे पिप आणि व्हेन्व या दोन्हींचे काम करणारे साधन फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. ते रस्ट भाषेत लिहिलेले असून अत्यंत वेगवान आहे, हव्या त्या आवृत्तीची पायथनही स्वतः आणते आणि नेमक्या आवृत्त्यांची लॉक फाइल ठेवते. नव्या प्रकल्पासाठी ते अवश्य वापरावे. मात्र पिप आणि व्हेन्व एकदा हाताने वापरलेले असल्याशिवाय यूव्हीच्या त्रुटीही कळणार नाहीत.

प्रश्न : 'पिप फ्रीझ' ने तयार केलेली फाइल सहकाऱ्याकडे चालत नाही.

'पिप फ्रीझ' व्हेन्वमधील सगळेच लिहून काढतो. आपण मागितलेली पाच पॅकेजे आणि त्यांच्यामुळे आलेली चाळीस यांत तो भेद करत नाही, आणि त्यांत फक्त विंडोजवरच बसणारेही एखादे असते. यासाठी दोन फाइली ठेवाव्यात. एकीत आपण स्वतः निवडलेली पॅकेजे सैल अटींसह असावीत, दुसरीत फ्रीझचे नेमके चित्र. कोणती पायथन वापरली, हे दोन्हींत कोठेच नोंदले जात नाही, म्हणून तो आकडा प्रकल्पाच्या माहिती फाइलमध्ये पहिल्या ओळीत लिहावा.

प्रश्न : एवढे करूनही अडचण सुटली नाही. मदत मागताना काय पाठवावे?

मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरका फोटो पाठवू नये. त्रुटीचा मजकूर टर्मिनलमधून कॉपी करून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मजकूर म्हणूनच पाठवावा. पिपच्या लांबलचक संदेशात शेवटची ओळ अनेकदा केवळ 'व्हील तयार झाले नाही' एवढेच सांगते आणि खरे कारण वीसेक ओळी वर असते. त्याबरोबर चालवलेली आज्ञा, 'पायथन --व्हर्जन' आणि 'पिप --व्हर्जन' यांचे उत्तर, ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव आणि 'पिप लिस्ट' ची यादी द्यावी. मजकुरात एखादा पासवर्ड किंवा खासगी टोकन आलेले असल्यास पाठवण्यापूर्वी ते काढून टाकावे.